किशोरवयातील स्व-इजा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

असह्य मानसिक ताणातून स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून इजा करणे म्हणजे स्व-इजा. तिची सुरुवात बहुधा १२ ते १४ या वयात होते. अनेक देशांतील अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात सुमारे १७ टक्के किशोरवयीनांनी कधी ना कधी मरण्याचा हेतू नसताना स्वतःला इजा केल्याचे आढळले.

गैरसमज : हे लक्ष वेधण्याचे नाटक असते.
वस्तुस्थिती : बहुतेक मुले जखमा लपवतात. ऐन उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. कोणी विचारलेच तर "मांजराने ओरखडले" असे सांगून वेळ मारून नेतात. काही मुलांना आपले दुःख कोणाला तरी कळावे असे वाटते. तीही मदतीचीच हाक असते.

गैरसमज : हा आत्महत्येचाच प्रयत्न असतो, किंवा त्याचा आत्महत्येशी संबंधच नसतो.
वस्तुस्थिती : अनेकदा मरण्याचा हेतू नसतो. तरीही अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका जास्त असतो. म्हणून प्रत्येक घटना गांभीर्याने घ्यावी लागते.

गैरसमज : मोबाइल किंवा वाईट संगत हेच कारण.
वस्तुस्थिती : मित्रांचा आणि समाजमाध्यमांचा प्रभाव पडतो, पण कारण एकच नसते. नैराश्य, चिंता, लैंगिक किंवा शारीरिक अत्याचार, शाळेतील छळ, घरातील सततचा कलह यांचा ताण साचत जातो. या वयात भावना तीव्र असतात. त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. काही मुलांना आपल्याला नेमके काय वाटते तेच सांगता येत नाही. काही स्वतःला कठोरपणे दोष देतात : निकालात गुण कमी पडले, की "मी कशाच्याच लायकीचा नाही" असा निष्कर्ष काढून स्वतःलाच शिक्षा करतात. काहींना आतून पूर्ण बधिर वाटते.

गैरसमज : रागावले, धाक दाखवला की सवय सुटते.
वस्तुस्थिती : इजेनंतर ताण क्षणभर ओसरतो, पण मागोमाग शरम आणि अपराधीपणा येतो, आणि मूळ दुःख तसेच राहते. बोलणी खाल्ल्यावर शरम वाढते, लपवाछपवी वाढते आणि हे चक्र अधिक घट्ट होते.

गैरसमज : हा मुलींचाच प्रश्न आहे.
वस्तुस्थिती : मुलगेही स्वतःला इजा करतात. त्यांची घुसमट रागाच्या रूपात दिसते आणि "तापट आहे" म्हणून सोडून दिली जाते.

गैरसमज : विषय काढला तर नसते विचार डोक्यात येतील.
वस्तुस्थिती : शांतपणे विचारल्याने धोका वाढतो असे संशोधनात आढळलेले नाही. मरणाचे विचार येतात का, हेही थेट विचारावे. उत्तर मिळाल्यावर उपदेश न करता ऐकून घ्यावे, जखमेवर उपचार करावेत आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या 'डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी'त तीव्र भावना सहन करण्याची आणि हाताळण्याची कौशल्ये शिकवतात. किशोरवयीनांत तिने स्व-इजा कमी झाल्याचे दिसले आहे. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. जिवाला धोका असल्यास मुलाला एकटे न सोडता तातडीने रुग्णालयात न्यावे.