अष्टमी-नवमीचं पाणी

सामुद्रधुन्या पोहणाऱ्या रोहन मोरेला मागच्या आठवड्यात आपण नॉर्थ चॅनेल या सामुद्रधुनीच्या काठावर सोडलं होतं आणि तिथल्या जेलीफिशबद्दल आज लिहीन असं मी म्हटलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. मध्येच पाथर्डीहून एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने मला दुसरं काही सुचू दिलं नाही. त्यांनी विचारलंय, मोहट्याचं नवरात्र असो की मढीची यात्रा, आमच्याकडे सगळं तिथीवर चालतं. मग हे खाडी-समुद्र पोहणारे पाण्यात उतरायचा दिवस कशावर ठरवतात? हवामान बघून, सुट्टी बघून, की बोट मिळेल तेव्हा?

पत्र लिहिणाऱ्यांना कदाचित कल्पना नसेल, पण उत्तर त्यांच्या प्रश्नातच आहे. तिथीवर.

पाथर्डीच्या माणसाला मोठं पाणी म्हणजे जायकवाडी. तिथलं पाणी पावसाने चढतं, कालव्याला सोडलं की उतरतं, चंद्राशी त्याचा संबंध नाही. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि किती चढायचं-उतरायचं हे तिथीप्रमाणे बदलतं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात येते, चढउतार थोडाच होतो. किनाऱ्यावरचे लोक त्याला भांग म्हणतात. कोकणात अजूनही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारी माणसं भेटतात: अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. हा हिशेब आपल्या किनाऱ्यापुरता, इंग्लंडच्या डोव्हरला तो चालायचा नाही. पण उधाण आणि भांग तिथेही आहेतच.

आता इंग्लिश खाडी, म्हणजेच इंग्लिश चॅनेल. डोव्हरला उधाणात पाणी साधारण 6 मीटर चढतं-उतरतं, भांगात त्याच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त. हे सगळं पाणी खाडीच्या लांबीने कधी ईशान्येकडे तर कधी नैर्ऋत्येकडे धावतं आणि साधारण सहा तासांनी दिशा बदलतं. पोहणारा चाललाय आडवा, इंग्लंडहून फ्रान्सकडे. त्याचा वेग ताशी तीनेक किलोमीटर. उधाणाचा जोर असला की काही ठिकाणी प्रवाहच त्याच्या दुप्पट वेगाने जातो. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. नाक फ्रान्सकडे ठेवायचं, हात मारत राहायचं, प्रवाह आधी एका बाजूला नेतो, मग दुसऱ्या. नकाशावर उमटलेला मार्ग म्हणून नागमोडी दिसतो. सरळ अंतर 33-34 किलोमीटर, पण कॅप्टन मॅथ्यू वेब 1875 मध्ये पहिल्यांदा ही खाडी पोहून गेला तेव्हा त्याचा मार्ग जवळजवळ 64 किलोमीटरचा झाला आणि त्याला 21 तास 45 मिनिटं लागली. खरा कस लागला शेवटी. कॅप ग्री-ने हे फ्रान्सचं पुढे आलेलं टोक. ते हुकलं की किनारा मागे सरकतो, आणि प्रवाह बदलेपर्यंत समोर दिसणारी जमीन हाताला लागत नाही. वेब तिथे पाच तास अडकला होता.

आणि वेबचा दिवस कोणता? 24 ऑगस्ट. त्या वर्षीची चांद्रस्थिती मागे मोजली तर वद्य अष्टमीच्या आसपास. म्हणजे भांगाच्या पाण्यातही टोक हुकवणारा प्रवाह असतो. उधाणात काय झालं असतं याचा विचार करा.

म्हणून इंग्लिश चॅनेलच्या बोटवाल्यांकडे नोंदणी होते ती मुख्यतः भांगाच्या आठवड्यांची, दोन-तीन वर्षं आधी. एकेका आठवड्यात एका बोटीवर साधारण चार पोहणारे, पहिला क्रमांक ते चौथा. वारा पडला की पहिला निघतो, मग दुसरा. चौथ्या क्रमांकाचा माणूस पैसे भरून, अंग कमावून, हजारो किलोमीटर लांब येऊन डोव्हरच्या खोलीत वाऱ्याचे अंदाज वाचत बसतो आणि कधी कधी पाण्याला पाय न लावता परत जातो. सात समुद्रांची, म्हणजे जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांची यादी पुरी करणाऱ्यांच्या कौतुकात हे थांबणं कधी मोजलं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. सराव हातात असतो, वारा नसतो.

पत्र आल्यावर मी आपल्या लोकांच्या तारखा काढून त्यांपुढे तिथ्या लिहीत गेलो. पुण्याच्या रोहनने न्यूझीलंडची कूक सामुद्रधुनी 8 तास 37 मिनिटांत पार केली आणि सातही समुद्र पोहणारा तो पहिला आशियाई ठरला, तो दिवस 9 फेब्रुवारी 2018. पंचांग उघडा: माघ वद्य नवमी. दासनवमी! प्रभात कोळीने तीच सामुद्रधुनी पोहून वयाच्या तेविसाव्या वर्षी सात समुद्र पुरे केले ते 1 मार्च 2023 ला. फाल्गुन शुद्ध दशमी. मुंबईची जिया राय इंग्लिश चॅनेलमध्ये उतरली 28 जुलै 2024 ला आणि 17 तास 25 मिनिटं पोहली. आषाढ वद्य अष्टमी. यातली नवमी आणि दशमी मला अष्टमीपेक्षाही जास्त पटतात, कारण समुद्र चंद्राच्या एखाद-दोन दिवस मागे चालतो. सगळ्यात मंद पाणी अष्टमी उलटल्यावरच मिळतं.

इथेच थांबलो असतो तर नियम फार गोंडस दिसला असता. पण मिहिर सेन यांची तारीख 27 सप्टेंबर 1958, पौर्णिमेच्या सुमाराची. 14 तास 45 मिनिटांत खाडी पार करणारे ते पहिले भारतीय. आरती साहा यांची 29 सप्टेंबर 1959, अमावास्या तीन दिवसांवर आलेली. 16 तास 20 मिनिटं. दोघंही वाढत्या पाण्यात उतरले. सप्टेंबरअखेर म्हणजे मोसमही संपत आलेला. माझं मत असं, की या दोघांच्या तासांशी आजच्या कुणाच्याही तासांची तुलना करताना शेजारी तिथीचा रकाना हवाच. वाऱ्याचाही हवा. नुसता वेळेचा आकडा पाहून कोण वेगवान हे ठरवणं तरणतलावात ठीक, समुद्रात नाही.

बोटवाले उधाणातही नेतात, हेही सांगायला हवं. पोहणारा वेगवान असेल, वारा अगदी पडलेला असेल, तर भांगातल्या खवळलेल्या पाण्यापेक्षा उधाणाचं सपाट पाणी बरं, असा अनुभवी माणसाचा हिशेब असतो. तिथी आधी बघायची, पण शेवटचा शब्द वाऱ्याचा.

हा हिशेब आपल्या पोरांना परदेशात जाऊन शिकावा लागत नाही. धरमतर खाडी ते मुंबईचं गेटवे हे 36 किलोमीटर त्यासाठीच फार मोठी शाळा आहे. खाडीतून ओहोटीची ओढ घेऊन बाहेर पडायचं, मग बंदराच्या मोठ्या पाण्यात बदलत्या प्रवाहातून गेटवे गाठायचं. वेळ चुकली तर खाडीच्या तोंडाशीच पाणी उलटं फिरतं. म्हणून या पोहण्याची सुरुवात अनेकदा रात्री-अपरात्री होते. पालक झोपेच्या डोळ्यांनी काठावर उभे असतात आणि बोटीवरचा माणूस घड्याळाकडे नाही, पाण्याकडे बघत असतो.

पाथर्डीच्या वाचकांनी पत्राच्या शेवटी आणखी एक विचारलंय: विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला हे जमेल का? पोहण्याचा भाग जमेल. थंडीचा भाग वेगळा आहे, आणि तो नॉर्थ चॅनेलच्या जेलीफिशबरोबरच येतो. पुढच्या आठवड्यात दोन्ही एकत्र घेतो.