मनगट : एकच बोट ठेवून दाखवा

तपासायला आलेला माणूस बहुधा दुसऱ्या हाताने सगळं मनगटच धरतो आणि ‘इथे दुखतं’ म्हणतो. मी त्याला एकच बोट ठेवायला सांगतो. ते कुठे टेकतं, त्यावर पुढचं बरंच ठरतं.

बाळ काही आठवड्यांचं झालं की त्याची आई येते, कधी आजीही. बोट जातं अंगठ्याच्या मुळामागे, मनगटाच्या कडेवर. बाळाच्या काखेत हात घालून, अंगठे ताणून त्याला दिवसभर उचलायचं. अंगठ्याच्या दोन कंडरा तिथल्या अरुंद आवरणातून सरकतात. ते जाड झालं की घासायला लागतात. अंगठा मुठीत घेऊन मूठ हळूच करंगळीकडे झुकवली की चमक निघते. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये हे दुखणं मांडलं, त्यांचंच नाव त्याला आहे. घरात मात्र ‘बाळंतपणात वारा लागला’ म्हणून ते अंगावर काढलं जातं. खरं तर अंगठ्यासकट आधार देणारा पट्टा आणि बाळाला ढुंगणाखाली तळवा घालून उचलणं, एवढ्यानेही अनेकींना आराम पडतो.

रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, हे वेगळं. मनगटाच्या तळव्याकडच्या बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते. जागा कमी पडली की नस चेपते. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन-अडीच बोटं बधिर होतात, करंगळी सुटते. यात थायरॉइड आणि साखर तपासावी. करंगळीच बधिर असेल तर आधी कोपराकडे पाहायचं.

दोन्ही मनगटं सुजून सकाळी तासभर आखडत असतील, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

मला खरी काळजी वाटते ती पडलेल्यांची. पावसात गाडी घसरते, माणूस तळहातावर पडतो. सूज बेताची, बोटं हलतात. ‘लचकलंय’ म्हणत तेल चोळलं जातं. अंगठा ताठ वर केला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. तिथे दाबून दुखलं, तर स्कॅफॉइड हाड मोडलंय असं धरूनच चालावं, एक्स-रे स्वच्छ असला तरी. ताजी चीर पहिल्या फोटोत लपू शकते. म्हणून मनगट बांधून ठेवायचं आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा, किंवा एमआरआय. काजूच्या आकाराच्या या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने शिरून मागे येतं. मधोमध मोडलं की मागचा तुकडा उपाशी पडतो, कधी मरतोही.

एक कॉलेजचा मुलगा पडल्यावर आठ महिन्यांनी आला. हाड जुळलंच नव्हतं. कमरेच्या हाडाचा तुकडा घालून स्क्रूने बसवावं लागलं. पहिला एक्स-रे त्याने जपून आणला होता. दुसरा काढायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.