नंबर काढणाऱ्यांची चार दशकं

ऐंशीच्या दशकात घाटकोपर किंवा बोरिवलीच्या स्टेशनरोडवर चष्म्याचा नंबर काढायला गेलात, तर दुकानाच्या मागच्या अंगाला, फ्रेमच्या खोक्यांच्या आडोशाला एक खुर्ची असायची. तपासणीला लागणारं सहा मीटरचं अंतर उपनगरातल्या गाळ्यात आणणार कुठून? मग उलट्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगायचा आणि समोर तीन मीटरवर आरसा लावायचा. ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ असं विचारत भिंगं बदलली जायची. दुकानदार हे शिकले कुठे? बहुतेक वडिलांकडून. काहींचा हात खरोखर चांगला होता, हे मान्यच करायला हवं. पण पडद्याला काही झालंय का, हे त्या खुर्चीवरून कळत नव्हतं.

शिक्षणाची सोय देशात नव्हती असं नाही. १९५८ मध्ये अलीगढचं गांधी नेत्र रुग्णालय आणि हैदराबादचं सरोजिनी देवी नेत्र रुग्णालय इथे ऑप्टोमेट्रीची, म्हणजे नजर तपासून नंबर काढण्याच्या शास्त्राची, पदविका सुरू झाली होती. १९८५ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालयाच्या एलिट स्कूलने चार वर्षांची पदवी आणली. पुढे जुहूत लोटस कॉलेज उभं राहिलं आणि अंधेरी-बोरिवलीच्या मुलांना घरी राहून शिकता येऊ लागलं. मुलुंड-घाटकोपरच्या मुलांचा दादरमार्गे द्राविडी प्राणायाम मात्र ८ जून २०१४ रोजी घाटकोपरहून अंधेरीला जाणारी मेट्रो सुरू होईपर्यंत सुटला नाही.

२००७ मध्ये टायटन आय प्लस, २०१० मध्ये लेन्सकार्ट. साखळी दुकानं आली आणि पदवीधरांना दारात नोकऱ्या मिळू लागल्या. अशी नोकरी धरताना एकच गोष्ट स्पष्ट विचारून घ्यावी: आपलं काम तपासणीवर मोजणार की भिंगं खपवण्यावर? रुग्णालयात सुरुवातीला पगार कमी मिळाला तरी डोळे जास्त बघायला मिळतात. माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं तिथेच काढावीत.

ऑप्टोमेट्रिस्ट कुणी म्हणवून घ्यावं, हे ठरवणारा केंद्रीय कायदा २०२१ पर्यंत नव्हता. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा त्या वर्षी झाला. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी कॉलेज कोणत्या विद्यापीठाचं, अभ्यासक्रम आयोगाच्या चौकटीत बसतो का, हे कागदावर बघून घ्या. सहा महिन्यांत ऑप्टोमेट्रिस्ट करून देणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका.

मेडिकल हुकलं म्हणून इकडे वळणारे पुष्कळ असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र ऑप्टोमेट्रिस्ट शस्त्रक्रिया करत नाही, तो नेत्रतज्ज्ञ नव्हे. हे सुरुवातीलाच पचवलं नाही तर सगळी वर्षं कुढण्यात जातात.

आणि हाताला कसब लागतं. रेटिनोस्कोपचा पट्टीसारखा प्रकाश बाहुलीवरून फिरवायचा, आतली लालसर झाक प्रकाशाबरोबर सरकते की उलटी, आणि कोणतं भिंग धरल्यावर थांबते, हे बघायचं. दोन वर्षांच्या मुलाचा नंबर असाच निघतो. यंत्रापुढे हनुवटी टेकवून ते बसतच नाही. एका डोळ्याचा मोठा नंबर वेळेत सापडला नाही, तर तो डोळा आळशी होतो, आणि पुढे चष्मा लावूनही धड दिसत नाही.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०५० पर्यंत जगातल्या निम्म्या लोकांना मायनस नंबर असेल असा अंदाज मांडला. त्यानंतर लॉकडाऊनमधल्या मोबाइलवरच्या शाळा आल्या. आता आईबाप ‘नंबर वाढू नये म्हणून काय करू?’ असं विचारत येतात. मुलाला रोज उजेडात मैदानावर पाठवा, हे सांगणं आलंच. शिवाय बुबुळापासून पडद्यापर्यंतची लांबी मोजणं, खास भिंगं देणं, ॲट्रोपिनच्या थेंबांसाठी डॉक्टरांकडे धाडणं, हे सगळं आता या कामात येतं. कॉन्टॅक्ट लेन्स आणि अंधुक दृष्टीवाल्यांसाठीची साधनं हे तर वेगळेच रस्ते.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नका. तिथल्या ओपीडीत रोज रुग्ण किती येतात, विद्यार्थ्याच्या हातात रेटिनोस्कोप कोणत्या वर्षी येतो आणि इंटर्नशिप कुठे मिळते, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा.