प्रदर्शनात जनावर उतरवताना : नियम आणि सचोटी

मुंबईच्या गोवंडी भागात देवनारचा पशुबाजार आहे. महानगरपालिकेचा कत्तलखाना आणि त्याला लागून असलेला हा बाजार १९७१ पासून चालू आहे. माझे शिक्षण पूर्ण होईपर्यंत आमचे घर गोवंडीत होते. बकरी ईदच्या आधीच्या पंधरवड्यात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि आपल्या मराठवाड्यातून बोकडांच्या गाड्या येत. आम्ही मुले शाळा सुटली की तिकडे जात असू. गिऱ्हाईक बोकडाचे तोंड उघडून दात पाहते, पाठीवरून हात फिरवते, दोन पावले चालवून बघते, हे मी तिथेच प्रथम पाहिले. पुढे कृषी महाविद्यालयात शिकवायला लागल्यावर यात्रांमधील पशुप्रदर्शनात चारा पिकांची माहिती देण्यासाठी जाणे होऊ लागले, आणि लक्षात आले की रिंगणातला परीक्षकही नेमके हेच करतो. त्यामुळे बाजारात चालणाऱ्या लबाड्या रिंगणातही चालतात.

आपल्याकडे जनावरांच्या यात्रांची परंपरा मोठी आहे. खानापूर-आटपाडीच्या माणदेशी पट्ट्यात खरसुंडीची आणि सातारा जिल्ह्यात पुसेगावची यात्रा खिलार जनावरांसाठी प्रसिद्ध आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत लालकंधारी आणि देवणी जनावरे येतात. सारंगखेड्याचा घोडेबाजार सर्वांना माहीत आहे. अलीकडच्या काळात जालना (२०१९) आणि शिर्डी (२०२३) येथे राज्यस्तरीय पशुप्रदर्शने झाली. अशा ठिकाणी पहिला क्रमांक मिळालेल्या वळूकडे दुसऱ्या दिवसापासून गायी येऊ लागतात. इथे बक्षिसाची रक्कम किंवा ढाल हा दुय्यम भाग आहे. त्या एका निकालावर पुढील काही वर्षे चार-पाच गावांतील कालवडी आणि गोऱ्हे कसे निपजणार हे ठरते. म्हणून प्रदर्शनातील फसवणूक ही परीक्षकाची फसवणूक नसून शेजाऱ्याच्या गोठ्याची फसवणूक असते.

परीक्षक काय पाहतो

परीक्षक गुणपत्रकाप्रमाणे गुण देतो. जातीची लक्षणे, शरीराची ठेवण, पाय व खूर, चाल, दुभत्या जनावराची कास व सड, नराची अंडकोशाची वाढ, स्वभाव आणि निगा असे त्याचे भाग असतात. जातीच्या लक्षणांत लबाडीला सर्वात जास्त वाव आहे. देवणीचेच उदाहरण घ्या. अंगावर ठिपके नसून तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा, अंग पांढरे आणि पोटाकडील खालच्या भागात काळे ठिपके असतील तर बालंक्या, आणि अंगभर वेडेवाकडे काळे पट्टे असतील तर शेवरा, असे तीन प्रकार आपण ओळखतो. लालकंधारी एकरंगी लाल असावी लागते. एखाद्या लाल गोऱ्ह्याच्या पोटावर पांढरा डाग असला तर तो केसांना लावायच्या रंगाने झाकतात. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहिले की बहुतेक वेळा हे उघड होते. पण उघड झाले नाही तर? तो गोऱ्हा वळू म्हणून फिरेल, आणि रंग कातडीला लावलेला असल्याने वासरांत डाग जसाच्या तसा उतरेल.

शिंगे साळणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. काचेने किंवा कानशीने वरचा खरबरीत थर काढून तेल लावणे याला फारशी हरकत घेता येणार नाही. मात्र ठेवण सुधारण्यासाठी शिंग जिवंत भागापर्यंत तासतात, तेव्हा रक्त येते, जखम चिघळते आणि माशा बसून किडे पडतात. पोळ्याचा हिंगूळ, बेगड, झूल हे सगळे रिंगणाबाहेर शोभते. रिंगणात जनावर धुऊन, खरारा करून, साध्या म्होरकीने आणावे. परीक्षकाला कातडी दिसली पाहिजे.

वय आणि दात

प्रदर्शनातील गट दातांवर पाडतात. अदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेले. गाय-बैलांत कायमच्या दातांची पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत येते आणि साडेचार ते पाच वर्षांत आठही दात पूर्ण होतात. शेळीत पहिली जोडी १२ ते १८ महिन्यांत येते. आठ दात जुळल्यानंतर वय झिजेवरून ओळखतात, आणि इथेच कानस चालते. म्हाताऱ्या बैलाचे दात घासून सारखे करतात, त्यावर डाग देऊन खाचा तयार करतात. अनुभवी परीक्षक दाताबरोबर शिंगाची कडी, डोळ्यावरचा खळगा आणि चालही पाहतो, त्यामुळे हे फार वेळ टिकत नाही. उलट घासलेल्या दातांनी बैलाला कडबा नीट चघळता येत नाही आणि तो खंगतो.

देवनारला दातांचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. कुर्बानीसाठी बोकड वर्षाचा पूर्ण झालेला, धडधाकट असावा लागतो. आंधळा, लंगडा, आजारी किंवा कान कापलेला चालत नाही. गिऱ्हाईक आपल्या श्रद्धेने ते जनावर घेत असते. अदत बोकड दोन दाती म्हणून खपवला, तर पैशाच्या पलीकडे त्याचे काय नुकसान होते याचा विचार विकणाऱ्याने करावा. शिंग मोडले असेल, डोळ्यात फूल असेल तर आधीच सांगावे. भाव थोडा कमी येईल, पण पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक तुमचा ठिय्या शोधत येईल.

पाणी पाजून वाढवलेले वजन

हा भाग माझ्या विषयाच्या जवळचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शेळीला आदल्या दिवशी पाणी तोडायचे, भरड्यातून मीठ चारायचे आणि बाजाराच्या सकाळी पोट भरून पाणी पाजायचे, ही पद्धत पुष्कळांना माहीत आहे. ३५ किलोच्या बोकडाने तीन ते चार लिटर पाणी प्यायले की वजन सरळ तीन ते चार किलोंनी वाढते, कुशी भरतात आणि जनावर गोल दिसते. संध्याकाळी ते पाणी मूत्रावाटे निघून जाते. कधी कधी जनावरही जाते. तहानलेल्या जनावराने एकदम भरपूर पाणी प्यायल्यास रक्त पातळ होऊन तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते, झटके येतात. वासरांत हे विशेष दिसते.

दुसरा प्रकार धान्याचा. शेवटच्या आठवड्यात चमक यावी म्हणून गहू, मका, बेसन भरपूर चारतात. कोटीपोटातील जंतू चाऱ्याची सवय झालेले असतात. एकदम पिठूळ खाद्य आले की तिथे लॅक्टिक आम्ल तयार होते, पोट फुगते, जनावर चरणे व रवंथ थांबवते, संडास पातळ होते आणि वेळीच उपचार न झाल्यास मरते. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने बाजाराच्या तीन दिवस आधी नऊ बोकडांना असे खाद्य घातले. दोन गाडीत चढण्यापूर्वीच गेले आणि एक गोवंडीला पोचल्यावर. त्या वर्षीचा सगळा नफा त्या तीन बोकडांत होता.

खरे वजन वाढवायचे तर तीन महिने आधी सुरुवात करावी. मेथी घास, शेवरी, सुबाभूळ यांचा हिरवा पाला, वाळलेल्या वैरणीत तूर किंवा हरभऱ्याचे भूस, आणि खुराक हळूहळू वाढवत वजनाच्या एक ते दीड टक्क्यापर्यंत न्यावा. म्हणजे ३५ किलोच्या बोकडास ३५० ते ५०० ग्रॅम. दर तीन-चार दिवसांनी ५० ग्रॅमच्या वर वाढ करू नये. सुरुवातीस जंतनाशक द्यावे, क्षार-मिश्रण रोज द्यावे. रोजची वाढ ७० ते ८० ग्रॅम धरली तरी ९० दिवसांत सहा ते सात किलो होतात. पाणी पाजून मिळणाऱ्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट, आणि ते संध्याकाळी निघून जात नाही.

काटा नसेल तर टेपने वजनाचा अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्यावा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेराचा वर्ग करून लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे किलो मिळतात. घेर ३० आणि लांबी २८ इंच असलेल्या बोकडाचे वजन सुमारे ३८ किलो भरते. रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्यापूर्वी विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही हे गणित करून पाहण्यास हरकत नाही. छातीचा घेर पाण्याने फारसा वाढत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

कास, इंजेक्शन आणि औषधे

दुग्धस्पर्धेत आधी एकदा धार काढून कास रिकामी करतात आणि पुढची दोहने मोजतात. कारण उघड आहे. रूपाच्या स्पर्धेत मात्र कास मोठी दिसावी म्हणून रात्रीपासून दूध काढत नाहीत, सडांना चिकट लावून दूध गळू देत नाहीत. ताणलेली कास दुखते, गाय पाय फाकून चालते आणि दगडी होण्याचा धोका वाढतो. एका ढालीसाठी एक सड कायमचा बंद पडलेली गाय मी पाहिली आहे.

दूध सोडण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणे हा केवळ स्पर्धेचा नियमभंग नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम १२ मध्ये, दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक इंजेक्शन देणे हा गुन्हा आहे, त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो आणि जनावर सरकारजमा होते. कलम ११ नुसार अपायकारक औषध देणे, मारणे, इजा करणेही गुन्ह्यात येते. शेपटी पिरगाळणे, आरी टोचणे, तिखट लावणे यांचे समर्थन करणारे अजून भेटतात. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ती डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त उठली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. अटी पाळल्या जात नाहीत असे दिसले तर काय होते, हे त्या सात वर्षांत आपण अनुभवले आहे.

लंगडणारे जनावर वेदनाशामक टोचून रिंगणात आणू नये. लंगडणे लपते पण दुखापत वाढते. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण असे जनावर मेल्यावर ते खाणारी गिधाडे मरतात. एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही २०२३ मध्ये बंदी आली. देवनारला जाणाऱ्या जनावराबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. प्रतिजैविक किंवा जंतनाशक दिल्यावर मांस खाण्यास योग्य होईपर्यंत किती दिवस थांबायचे ते औषधाच्या वेष्टनावर असते. तसे काही छापलेले नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस आणि दुधासाठी ७ दिवस धरावेत.

ही दुखणी आपलीच आहेत असे समजू नये. अमेरिकेत ओहायो राज्याच्या १९९४ च्या जत्रेत विजेत्या जनावरांना स्नायू फुगवणारे क्लेनब्युटेरॉल हे औषध दिल्याचे तपासणीत आढळले. बक्षिसे परत घेण्यात आली आणि पुढे त्या राज्याने पशुप्रदर्शनासाठी वेगळा कायदा केला. तिथे जनावरे दाखवणाऱ्यांत शाळकरी मुले पुष्कळ असतात, आणि बरेचदा औषध घालणारे हात वडिलांचे असतात.

मालकी, बिल्ला आणि प्रवास

प्रदर्शनाच्या आठवड्यात व्यापाऱ्याकडून किंवा पाहुण्याकडून चांगले जनावर आणून आपल्या नावावर उतरवणे हा प्रकार बिल्ल्यामुळे कमी झाला आहे. बारा अंकी कानातील बिल्ल्यावर मालकाचे नाव व लसीकरणाची नोंद सापडते. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री व वाहतूक करता येत नाही. परीक्षकांनीही एक पथ्य पाळावे. भावाचे, मेव्हण्याचे किंवा आपण स्वतः विकलेले जनावर रिंगणात असेल तर त्या गटापुरते बाजूला बसावे. हे न सांगता व्हायला हवे, पण होत नाही.

गाडीत भरताना शेळीमागे ०.३ चौरस मीटर जागा हा नियम आहे. पाच मीटर लांब व दोन मीटर रुंद हौद्यात ३३ शेळ्या बसतात, ६० नव्हे. तळाला किमान पाच सेंटिमीटर गवताचा थर द्यावा, बोकड व शेळ्या वेगळ्या ठेवाव्यात, पाय बांधू नयेत. पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला जवळ असावा.

लसीकरण निदान तीन-चार आठवडे आधी पूर्ण करावे, कारण लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही. शेळ्यांना पीपीआर, गायी-म्हशींना लाळ्या खुरकूत, आणि गोवर्गाला लम्पी. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला आणि सप्टेंबरमध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर करून गोवर्गाचे बाजार, यात्रा व प्रदर्शने बंद करावी लागली. ज्यांनी वर्षभर खोंड तयार केले होते त्यांना ते दारातच बांधून ठेवावे लागले. ताप असलेले, अंगावर गाठी असलेले किंवा तोंडातून लाळ गळणारे जनावर घेऊन कोणी आले तर त्याला दुखावण्याचा संकोच न करता ताबडतोब प्रदर्शनाच्या पशुवैद्यकास कळवावे.

प्रदर्शनाहून परत आणलेले जनावर, बक्षीस मिळालेले असो वा नसो, तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळे बांधावे. त्याची बादली, दावे, खरारा वेगळा ठेवावा आणि त्याचे वैरण-पाणी सर्वात शेवटी करावे. गावात मिरवणूक काढायची असेल तर ढाल घेऊन मालकाने मिरवावे, जनावर गोठ्यात राहू द्यावे.