खात्रीचा उंदीर

खाडीच्या अलीकडे नाटे, पलीकडे जैतापूर आणि माडबन. अणुप्रकल्पाचा वाद पेटला तेव्हा नाटे आणि साखरीनाटेतल्या घराघरांत एकच काळजी होती: किरणोत्साराचा त्रास पोराबाळांना, पुढे नातवंडांना होईल का? प्रकल्पवाले आकडे सांगत, विरोधकही आकडेच सांगत. हे आकडे येतात कुठून, याचा माग काढत गेलो आणि उंदरांपाशी पोचलो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये आनुवंशिक दोष वाढल्याचं ठामपणे दिसून आलं नाही. मग माणसाच्या पुढच्या पिढ्यांना धोका किती, याचा अंदाज बांधायचा कशावरून? अमेरिकेत ओक रिज इथे विल्यम आणि लिअन रसेल या दांपत्याने वाढवलेल्या लाखो उंदरांवरून. संपादकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘आणि त्या उंदरांची खात्री कोण देतं?’’ त्या प्रश्नावर हा लेख आहे.

आपल्याकडे प्रयोगशाळेसाठी उंदरांचे वाण घडवण्याच्या कामाची मुळं परळला आहेत. डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या पुढाकाराने 1952 साली तिथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या कमल रणदिवे खानोलकरांच्या हाताखाली तयार झाल्या. उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण इतकं निराळं का, हा त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय. पुढे ‘आयसीआरसी’ या नावाचा उंदराचा वाण परळच्या प्रयोगशाळेने जगाला दिला. या वाणातल्या माद्यांना स्तनाचा कर्करोग आपसूक आणि मोठ्या प्रमाणात होतो, त्यामुळे रोग कसा सुरू होतो ते पहिल्यापासून पाहता येतं. त्याच संस्थेचं संशोधनाचं काम 2002 पासून खारघरच्या डोंगराच्या कुशीत, ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये चालतं. रणदिवेबाईंना 1982 साली पद्मभूषण मिळालं. त्यांच्या उंदरांचा सांभाळ करणाऱ्यांची नावं मात्र कुठे सापडत नाहीत.

वाण म्हणजे काय? सख्ख्या बहीणभावांची जोडी लावायची, त्यांच्या पिलांतून पुन्हा बहीणभाऊ निवडायचे, असं ओळीने किमान 20 पिढ्या. तेव्हा कुठे त्यांच्या जनुकांच्या जागांपैकी 98 टक्क्यांहून अधिक जागी दोन्ही प्रती सारख्या होतात. एक उंदीर आणि दुसरा उंदीर यांत फरक उरत नाही, म्हणून औषधाचा परिणाम औषधाचाच, असं छातीठोक म्हणता येतं. त्यासोबत वाणाची दुखणीही पक्की होतात. आयसीआरसी वाणात अन्ननलिका फुगण्याचा दोष आढळला, तर तोही पुढे अभ्यासाचा विषय झाला.

मुंबईच्या परिसरातल्या एका प्राणिगृहात मला आत जायला मिळालं. संस्थेचं नाव न देण्याची अट होती. दारातच विचारणा झाली: ‘‘घरी पांढरे उंदीर, हॅमस्टर काही पाळलंय का?’’ मग आंघोळ, धुतलेले कपडे, टोपी, मास्क, हातमोजे. आत उंदरांचा वास येईल अशी तयारी ठेवून गेलो होतो, तर वास येत होता तो वाफेत तापवून निर्जंतुक केलेल्या मक्याच्या कणसाच्या भुशाचा.

इथले टेक्निशियन काका तीस-एक वर्षं हेच काम करतात. पोरं त्यांना नुसतं ‘काका’ म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी एका पिंजऱ्यातून उंदीर शेपटीच्या बुडाशी धरून उचलला, जाळीवर टेकवला आणि पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा गुदद्वारापाशी हलकेच दाबला. उंदीर क्षणभर आकसला, पण चावला नाही. पट्टी काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘बघा, एक बाजू चपटी दिसतीय का?’’ दिसत होती. केळ्यासारखी, एका बाजूने सपाट अशी अंडी. ‘‘सिफेशिया. सूतकृमी. उंदीर ठणठणीत दिसतो, खातो, पितो, पिलं देतो. पण याच्या प्रतिकारशक्तीवर लिहिलेला पेपर मी तरी मानणार नाही.’’ हे नमुने बाहेरून नव्याने आणलेल्या उंदरांचे होते. अशांना वेगळ्या खोलीत ठेवून, तपासून मगच आत घेतात.

कृमी निदान डोळ्यांना दिसतात. उंदरांच्या काविळीचा विषाणू, सेंडाई विषाणू, फुप्फुसातला मायकोप्लाझ्मा हे लपून बसतात. त्यांच्यासाठी पहारेकरी उंदीर ठेवतात. प्रयोगातल्या पिंजऱ्यांतला मळलेला भुसा थोडा थोडा या पहारेकऱ्यांच्या पिंजऱ्यात टाकायचा. काही आठवड्यांनी त्यांचं रक्त घेऊन त्यात प्रतिपिंडं आहेत का ते पाहायचं.

मला सगळ्यात खिळवून ठेवलं ते रंगाच्या चाचणीने. पांढऱ्या उंदराच्या अंगात रंगाची जनुकं असतात, ती फक्त झाकलेली असतात. त्यामुळे पांढऱ्यांच्या वसाहतीत परका पांढरा घुसला तर डोळ्यांना पत्ताच लागत नाही. म्हणून काका बाल्ब-सी या पांढऱ्या वाणाच्या नराला सी-57 या काळ्या वाणाच्या मादीशी जोडतात. वंश शुद्ध असेल तर सगळी पिलं रानउंदराच्या तपकिरी-करड्या रंगाची होतात. एखादं पिलू काळं निघालं की नराच्या घराण्यात कुठेतरी दुसरं रक्त आलंय. दुसरी, जुनी कसोटी कातडीची: एका उंदराच्या कातडीचा तुकडा त्याच वाणाच्या दुसऱ्यावर लावायचा आणि शंभर दिवस पाहायचं. अंगाने तो स्वीकारला तर दोघांची जनुकं एक, झिडकारला तर घोटाळा. आता डीएनएच्या खुणा तपासून हेच काम लवकर होतं, पण काका अजूनही पिलांचे रंग वहीत लिहितात. त्या वहीत प्रत्येक जोडीची आई, बाप, जन्मतारीख, पिलांची संख्या असते. पिलांची संख्या अचानक वाढली तरी ते सावध होतात. सगोत्र वाणात जोम बेताचाच असतो, तो वाढला म्हणजे बाहेरचं रक्त मिसळल्याची शंका.

ही शंका पोकळ नाही. 1982 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पुरवठादाराचे बाल्ब-सी उंदीर एकसारखे नसल्याचं उघड झालं. ते विकत घेणाऱ्यांचे प्रयोग तोवर होऊन गेले होते. मिसळ झाली नाही तरी काळ आपलं काम करतो. एकाच सी-57 घराण्याच्या 1951 साली दोन शाखा झाल्या. पुढे एकीत पेशीतल्या ऊर्जेच्या व्यवहारातलं एक जनुक तुटलं, त्यामुळे इन्सुलिन कमी स्रवू लागलं. दुसरीत डोळ्याचा पडदा झिजवणारा दोष शिरला. नाव मात्र दोघींचं जवळजवळ एकच. मधुमेहाच्या प्रयोगात एका शाखेचा उंदीर आणि तुलनेला दुसऱ्या शाखेचा घेतला, तर निष्कर्षाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता अडचणींकडे येतो. त्या ऐकल्यावर मला काळजी वाटू लागली. पहारेकऱ्यांची पद्धतच कच्ची निघाली आहे. सेंडाई विषाणू हवेतून पसरतो, मळक्या भुशातून तो नीट पोचत नाही, आणि हल्लीच्या प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र हवा देणाऱ्या रॅकमध्ये तर पहारेकरी हाकेच्या अंतरावर असूनही अनभिज्ञ राहतो. म्हणून रॅकमधून बाहेर पडणाऱ्या हवेतली धूळ गोळा करून तिच्यात जंतूंचं डीएनए-आरएनए शोधायची पद्धत आली. ती चांगली आहे. तिला लागणारी रसायनं, संच, गाळण्या सगळं महाग, आणि बरंचसं आयात. संशोधनाच्या प्रकल्पाला निधी मिळतो; प्रकल्प नसताना वर्षभर उंदीर तपासत राहायला कोण पैसे देणार? कपातीची वेळ आली की पहिली कात्री तपासणीला लागते.

पावसाळा ही वेगळी परीक्षा. खोलीत 22 अंशांच्या आसपास तापमान आणि बेताची आर्द्रता लागते, बाहेर मुंबईची हवा ओलीचिंब. वीज गेली आणि जनरेटरने दगा दिला तर पिलं आधी जातात. पावसात रानउंदीर कोरडी जागा शोधत येतात, एखादा जरी खोलीत शिरला तरी महिन्यांची मेहनत पाण्यात.

जंतू शिरलाच तर वसाहत धुऊन भागत नाही. भ्रूण काढून ते स्वच्छ मादीच्या गर्भाशयात रोवायचे, तीन आठवडे थांबायचं, पिलं मोठी करायची, त्या मादीसकट सगळ्यांची पुन्हा तपासणी करायची, मग त्या पिलांपासून वसाहत नव्याने वाढवायची. तोवर त्या खोलीतली पीएच.डी.ची मुलं हात बांधून बसतात. गोठवलेले भ्रूण आधीच राखून ठेवले असतील तर वाण तरी वाचतो. तेही ठेवले नसतील तर पन्नास-साठ वर्षांचं घराणं एका साथीत संपू शकतं.

सगळ्यात जास्त खटकलं ते मात्र काकांनी पुढ्यात ठेवलेल्या शोधनिबंधांनी. ‘स्विस अल्बिनो उंदीर, वजन 20 ते 25 ग्रॅम, महाविद्यालयाच्या प्राणिगृहातून.’ बस्स, एवढंच. नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांक बहुतेक ठिकाणी असतो, आणि तो असायलाच हवा. पण वसाहत कुठली, किती पिढ्यांपासून बंद आहे, शेवटची आरोग्यतपासणी कधी झाली, काय सापडलं, याचं अवाक्षर नाही. क्लारा लिंच यांनी 1926 साली स्वित्झर्लंडहून न्यूयॉर्कला आणलेल्या दोन नर आणि सात माद्यांपासून जगभरचे स्विस उंदीर पसरले. हे उंदीर मुळात सगोत्र केलेले नाहीत. म्हणजे आज एखाद्या गावातल्या फार्मसी कॉलेजातला स्विस आणि मुंबईतला स्विस किती वेगळे झाले असतील, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. त्याच्यावर काढ्याचा, अर्काचा, नव्या रेणूचा परिणाम मोजला जातो.

काका येत्या काही महिन्यांत निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी कोण येणार, हे मी निघालो तोवर ठरलं नव्हतं. दोन कंत्राटी मुलं हाताशी आहेत. त्यातल्या एकीला ते रंगांची वही लिहायला शिकवत होते: आईच्या क्रमांकाखाली रेघ, बापाचा क्रमांक लाल शाईत, आणि पिलू मेलं तर ते खोडायचं नाही, समोर तारीख घालायची.