कार्कासोनचा किल्ला आणि दोन किलोमीटर दूर राहिलेला कालवा

आज आपण दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन या गावी जाणार आहोत. नाव ऐकलं नसलं तरी त्याचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार: टेकडीवर दुहेरी तटबंदी, ५२ बुरूज आणि त्यातल्या बऱ्याच बुरुजांवर निमुळती टोकदार छपरं. लोक किल्ला बघायला येतात, आणि तो बघावाच. पण माझं आजचं बोलणं मुख्यतः खालच्या कालव्याबद्दल आहे. आणि तो कालवा या गावात यायला जवळजवळ १३० वर्षं का लागली, त्याबद्दल.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. तुलूझहून रेल्वेने साधारण तासाभरात कार्कासोन येतं. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की समोरच पाणी दिसतं. बोटी बांधलेल्या, एक पूल, पाण्याला अडवणारे जाड दरवाजे. हाच तो कालवा, कानाल दु मिदी. बहुतेक पर्यटक पूल ओलांडून तडक किल्ल्याकडे निघतात. वाटेत सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्यांचं खालचं गाव लागतं, मग ओद नदी, तिच्यावरचा चौदाव्या शतकातला जुना दगडी पूल, आणि मग टेकडी. चालत अर्धा तास पुरतो.

म्हणजे ही दोन गावं आहेत. वरचं जुनं, तटाच्या आतलं. १२०९ मध्ये पोपच्या हाकेवरून उत्तरेकडचं सैन्य कॅथार पंथीयांवर चालून आलं. तेव्हा या किल्ल्याला वेढा पडला, पाणी संपलं, तरुण सरदार त्रांकाव्हेल शरण आला आणि कैदेतच मेला. पुढे प्रदेश फ्रान्सच्या राजाकडे गेला आणि त्याच शतकात नवव्या लुईने नदीपलीकडे दुसरं गाव वसवलं. ते खालचं गाव. वर सैन्य, खाली व्यापार, अशी वाटणी झाली. खालचं गाव लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालं. हे खालचं गाव लक्षात ठेवा, कालव्याचा संबंध त्याच्याशी आहे.

आता कालवा. आपल्याकडे हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर खडकवासल्याचा कालवा येतो, पाटाचं पाणी, शेतं. कानाल दु मिदी शेतीसाठी नव्हताच. तो बोटींचा रस्ता होता. फ्रान्सच्या पश्चिमेला अटलांटिक, दक्षिणेला भूमध्य समुद्र. एकीकडून दुसरीकडे माल न्यायचा तर जहाजाला अख्ख्या स्पेनला वळसा घालावा लागे. त्यात महिना जाई, शिवाय चाच्यांची भीती आणि जिब्राल्टरला स्पेनच्या राजाची मर्जी. तुलूझपर्यंत गारोन नदी होतीच. तिथून भूमध्य समुद्रापर्यंत पाण्याची वाट काढली की झालं, असं शेकडो वर्षं सगळ्यांना वाटत होतं. वाटत होतं, पण कुणाला जमत नव्हतं.

का जमत नव्हतं? मध्ये एक उंचवटा आहे, नोरूझची खिंड. समुद्रसपाटीपासून साधारण १९० मीटर. आपल्या घाटांपुढे हे काहीच नाही, बोरघाट चढलेल्या माणसाला हसू येईल. पण बोटीला चढ चढता येत नाही. त्यासाठी लॉक लागतो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरच्या बाजूचं पाणी आत सोडायचं. पाणी चढतं तशी बोट चढते, मग पुढचा दरवाजा उघडायचा. उतरताना याच्या उलट. यात पंप नाही, इंजिन नाही.

पण बघा, दर वेळी एक हौदभर पाणी खाली जातं. खिंड ओलांडणारी प्रत्येक बोट वरचं पाणी दोन्ही बाजूंना उतरवत जाते. म्हणजे सगळ्यात जास्त पाणी हवं सगळ्यात उंच जागी, आणि नेमकं तिथेच नदी नाही. खरा पेच खोदकामाचा नव्हता, पाण्याचा होता.

तो सोडवला पिएर-पोल रिके या माणसाने. जन्म १६०९, गाव बेझिए. हा ना इंजिनियर, ना सरदार. सरकारसाठी मिठावरचा कर वसूल करायचा मक्ता त्याच्याकडे होता. मिठाचा कर म्हटल्यावर आपल्याला दांडी आठवते, आणि फ्रान्समध्येही तो कर लोकांना तितकाच नकोसा होता. पण या धंद्यामुळे रिके त्या मुलखात सतत हिंडत असे. त्याने पाहिलं की खिंडीच्या ईशान्येला ‘काळा डोंगर’ नावाची रांग आहे, तिथे पाऊस भरपूर पडतो, आणि ती खिंडीपेक्षा उंच आहे. मग तिथले ओढे अडवायचे आणि डोंगराच्या कडेकडेने, अगदी बारीक उतार देत, पाणी खिंडीवर आणून सोडायचं. १६६२ मध्ये त्याने हे मंत्री कोल्बेरला लिहून कळवलं. कोल्बेरने आधी चाचणीचा चर खोदून दाखव म्हटलं. त्याने दाखवला. १६६६ मध्ये चौदाव्या लुईचा हुकूम निघाला.

डोंगरात सें-फेरेओलचं धरण बांधलं, मातीचं, आत दगडी भिंती, लांबी पाऊण किलोमीटरहून जास्त. पाणी आणणारे चर साठेक किलोमीटर. आजही याच व्यवस्थेतून नोरूझला पाणी येतं आणि तिथे दुभागतं, काही अटलांटिककडे, काही भूमध्य समुद्राकडे.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे काम एकट्या रिकेच्या डोक्यातून निघालेलं नाही. रव्हेल गावचा पिएर कांपमास नावाचा पाणक्या, म्हणजे झरे-पाट सांभाळणारा माणूस, त्याच्याबरोबर डोंगर हिंडला होता. फ्रांस्वा आंद्रेओसी नकाशे आणि मोजणी करत होता. आणि चंद्रा मुकर्जी या अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००९ च्या त्यांच्या पुस्तकात दाखवलं आहे की मजुरांत पिरेनीज पर्वतातल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. डोंगरउतारावरून पाणी कसं वळवायचं हे ज्ञान त्या भागात पिढ्यानपिढ्या चालत आलं होतं. ऐन भरात सुमारे १२ हजार माणसं कामावर होती. रिके त्यांना महिन्याचा पगार देई, आणि पावसाचे, सणाचे, आजारपणाचे दिवसही कापत नसे. सतराव्या शतकात ही नवलाचीच गोष्ट. अर्थात, हे दयेपोटी होतं असं मी म्हणणार नाही. सुगीच्या दिवसांत माणसं सोडून जाऊ नयेत, हा हिशोब त्यात होताच.

पैसा कुठून आला? राजाकडून, लांगदोक प्रांताकडून, आणि साधारण पाचवा हिस्सा रिकेच्या स्वतःच्या खिशातून आणि कर्जातून. वाटेतल्या गावांकडेही वर्गणी मागितली गेली. आणि इथे आपण पुन्हा कार्कासोनला येतो. खालच्या गावाने पैसे द्यायला नकार दिला.

आज आपण त्यांना हसतो, पण क्षणभर त्यांच्या जागी उभे राहा. एक करवसुली करणारा माणूस येतो, म्हणतो मी डोंगरातून पाणी आणून बोट खिंडीवरून नेणार, तुम्ही मोठी रक्कम काढा. असं काम तिथे कुणी पाहिलेलं नाही. मला विचाराल तर त्यांचा नकार मूर्खपणाचा नव्हता. पण महाग पडला. कालवा गावाला टाळून उत्तरेकडून, सुमारे दोन किलोमीटर अंतरावरून गेला. रिके १६८० च्या ऑक्टोबरात वारला, मागे कर्जाचा डोंगर ठेवून, आणि १६८१ च्या मे महिन्यात कालवा सुरू झाला. धान्य, दारू, माणसं, सगळं कार्कासोनच्या नाकासमोरून जाऊ लागलं. गावच्या कापडाला मात्र आधी बैलगाडी, मग बोट.

चूक दुरुस्त करायचं ठरलं १७८७ च्या सुमारास. काम निघालं आणि दोनच वर्षांत फ्रेंच राज्यक्रांती आली. काम थांबलं. पुढे नेपोलियनच्या काळात पुन्हा सुरू झालं आणि १८१० मध्ये पाणी गावात आलं. स्टेशनसमोर दिसतो तो हा नंतरचा तुकडा. म्हणून माझी सूचना अशी, की किल्ल्याकडे धावण्याआधी तिथे दहा मिनिटं थांबा. आणि रेल्वेही त्याच शतकात आली, हेही लक्षात घ्या. म्हणजे एवढी वाट पाहून मिळालेल्या कालव्याचा फायदा गावाला जेमतेम दोन पिढ्या झाला.

वरच्या किल्ल्याचं काय? १६५९ मध्ये स्पेनशी तह झाला, सरहद्द दक्षिणेला सरकली आणि किल्ला बिनकामाचा झाला. लोक तटाचे दगड काढून नेऊ लागले. दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात गरीब विणकरांची वस्ती उभी राहिली. १८५० च्या आसपास सरकार किल्ला मोडीत काढायला निघालं, तेव्हा क्रो-मेरव्हिए हा स्थानिक अभ्यासक आणि लेखक मेरिमे यांनी तो वाचवला. १८५३ पासून व्हियोले-ल-द्युकने दुरुस्ती केली. टोकदार, पाटीच्या दगडाची छपरं त्याची. उत्तर फ्रान्सची ही तऱ्हा दक्षिणेत शोभत नाही, असा वाद तेव्हापासून चालू आहे. विणकरांना मात्र तिथून उठवलं गेलं. त्यांच्या वस्तीची आज खूणही नाही. तटाच्या आत फिरायला तिकीट लागत नाही, फक्त सरदाराच्या गढीसाठी लागतं. गर्दी टाळायची तर संध्याकाळी जा.

एक प्रश्न आला आहे: फोटोत दिसते ती कालव्याकाठची झाडांची कमान खरंच तशी आहे का? अर्धी होती, आता कमी होत चालली आहे. काठावर सुमारे ४२ हजार चिनाराच्या जातीची झाडं होती, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. सावलीने बाष्पीभवन कमी होई, मुळं काठ धरून ठेवत. २००६ मध्ये कार्कासोनच्या जवळच, व्हिलद्युबेरला, त्यांच्यात एक बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून तो युरोपात आला असं मानतात. त्यावर इलाज नाही. तो मुळांमधून पसरतो, पाण्यातून पसरतो, काठाला घासणाऱ्या बोटींमधून पसरतो. म्हणजे ज्या पाण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पाणी रोग पुढे नेतं. रोगट झाड आणि शेजारची झाडं तोडून जाळावी लागतात. आतापर्यंत अर्ध्याहून अधिक गेली. त्यांच्या जागी ओकच्या एका जातीची आणि इतर काही प्रकारची रोपं लावत आहेत, मुद्दाम मिसळून, म्हणजे पुन्हा एकाच रोगाने सगळी रांग जाऊ नये.

जाणार असाल तर वसंतात किंवा सप्टेंबरात जा. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी बोटी बंद असतात, काठावरून चालता मात्र बाराही महिने येतं. स्टेशनपासून पूर्वेकडे काही किलोमीटर गेलात की फ्रेस्केल नदीवरून कालवा नेणारा दगडी पूल लागेल, १८१० च्याच कामातला. खाली नदी आणि वर कालवा. त्याच परिसरात जुना आणि नवा मार्ग एकत्र येतात. तिथून मागे वळून पाहा, गाव किती जवळ आहे ते.