संकेतस्थळ हेही दुकानच!

मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, एक निवेदन दडलेले असते. ‘आमची सर्व माहिती व सेवा अपंग व्यक्तींना विनाअडथळा वापरता याव्यात यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत’ अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो. वाचायला बरे वाटते. पण कटिबद्ध म्हणजे नेमके काय? कंबर कोणी बांधली, कोणत्या कामासाठी बांधली आणि ते काम पुरे कधी होणार, हे ग्राहकाने विचारायला नको काय?

हा प्रश्न दूरच्या कोणाचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के होते. म्हणजे हा विषय आपल्या वस्तीतला, आपल्या घरातला आहे. आज बँकेचे खाते, रेल्वेचे तिकीट, औषधांची मागणी, नोकरीचा अर्ज हे सारे मोबाईलच्या पडद्यावर आले आहे. डोळे अधू असलेल्या मुलाला, हात थरथरणाऱ्या आजीला किंवा ऐकू न येणाऱ्या बहिणीला तो पडदा वापरता येत नसेल, तर तिची जागा पुन्हा दाराबाहेरच!

(सरकारी कागदपत्रांत आता ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ लिहितात. नाव बदलून मान वाढत असेल तर आनंदच आहे. मात्र पाटीवरचे नाव बदलले म्हणून पायऱ्यांच्या जागी उतार होत नाही, एवढे लक्षात ठेवावे.)

अंध माणूस मोबाईल कसा वापरतो, याची पुष्कळांना कल्पना नसते. पडद्यावर काय आहे ते बोलून दाखवणारी आज्ञावली असते. तिला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाची अशी आज्ञावली मोफत मिळते. मायकल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली तिचे काम सुरू केले. अँड्रॉइड मोबाईलमध्ये ‘टॉकबॅक’ असते आणि ते मराठीही बोलते. या टॉकबॅकशी आपल्या महाराष्ट्राचे नाते आहे. ज्यांच्या कामातून ते उभे राहिले त्या दोन संशोधकांपैकी एक, टी. व्ही. रामन, हे पुण्याचे. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुण्यात गणित शिकून ते मुंबईच्या आयआयटीत गेले, तेथून अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात. गणिताची किचकट समीकरणे बोलून दाखवणारी आज्ञावली लिहून त्यांनी १९९४ साली डॉक्टरेट मिळवली. त्या आज्ञावलीला त्यांनी आपल्या वाटाड्या कुत्र्याचे नाव दिले होते. पुढे गुगल कंपनीत असताना त्यांनी आणि चार्ल्स चेन यांनी डोळ्यांवाचून मोबाईल वापरण्याचे हे साधन घडवले.

हे साधन हाती असूनही दुकान बंदच राहते, ते कसे? स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही. चित्रामागे लिहिलेले वर्णन तो वाचतो. कंपनीने ते वर्णन लिहिलेच नसेल तर ग्राहकाला ऐकू येते नुसते ‘चित्र, चित्र, बटण, बटण’. कोणते बटण साडीचे आणि कोणते पैसे भरण्याचे, हे त्याने ओळखायचे कसे? वाकड्यातिकड्या अक्षरांचे कोडे सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि त्या कोड्याला आवाजाचा पर्याय नसतो. चलचित्राखाली अक्षरे नसतात, म्हणून कर्णबधिराला ते मुके. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे तर उतारवयातील कोणालाही वाचता येत नाहीत.

यातले काहीही नवीन शास्त्र नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या जागतिक संस्थेने मे १९९९ मध्येच याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि नंतर वेळोवेळी सुधारली. साधी अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक असावा, माऊसशिवाय नुसत्या कीबोर्डवर सर्व कामे व्हावीत, अशी मोजून पाहता येणारी मापे त्यांत दिलेली आहेत. माप असताना कंपनीने नुसत्या भावनेवर का बोलावे?

याबाबत अमेरिकेतील ‘टार्गेट’ कंपनीचा खटला वाचण्यासारखा आहे. ही तेथील मोठी दुकानसाखळी. तिच्या संकेतस्थळावर चित्रांना वर्णने नव्हती आणि माऊस वापरल्याशिवाय खरेदी पुरी होत नव्हती. अंधांच्या ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ या संघटनेने व ब्रूस सेक्स्टन या अंध विद्यार्थ्याने २००६ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. कंपनीचा बचाव असा की अपंगांचा कायदा विटामातीच्या दुकानाला लागू आहे; संकेतस्थळ ही काही ‘जागा’ नव्हे. दुकानात अंधांना कोणी अडवले आहे काय?

न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा बचाव पूर्णपणे मान्य करण्यास नकार दिला. संकेतस्थळ दुकानाच्या मालाशी व सेवेशी जोडलेले असेल तर तेथील अडथळा हा दुकानातलाच अडथळा ठरू शकतो, असे त्यांनी सांगितले. पुढे २००७ मध्ये हा दावा एकट्या विद्यार्थ्याचा न राहता सर्व अंध ग्राहकांचा सामूहिक दावा म्हणून मान्य झाला. ऑगस्ट २००८ मध्ये तडजोड झाली. कंपनीने चूक कबूल केली नाही. पण कॅलिफोर्नियातील दावेदारांसाठी ६० लाख डॉलरचा निधी ठेवला, फेब्रुवारी २००९ अखेर संकेतस्थळ दुरुस्त करण्याचे मान्य केले आणि पुढची तीन वर्षे त्याच संघटनेने ते तपासावे, हेही स्वीकारले. मला यातले शेवटचे कलम पैशांपेक्षा मोलाचे वाटते. ज्यांना दार बंद होते, त्यांनीच दार उघडले की नाही ते पाहायचे! कटिबद्धता म्हणतात ती ही.

‘दुकान’ म्हणजे काय हा वाद आपल्याला नवा नाही. भारतीय संविधानाच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती किती, असा प्रश्न निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या शब्दाचा अर्थ अतिशय व्यापक केला. येणाऱ्या कोणालाही मालक जेथे आपली सेवा देण्यास तयार असतो ते दुकान, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. त्यात विटा नाहीत, छप्पर नाही, गल्ला नाही. सेवा आहे आणि सेवा मागणारा आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने याच विवेचनाचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थांनाही या कलमाच्या कक्षेत आणले. मोबाईलवरचे दुकान त्या व्याख्येत बसते की नाही, वाचकांनीच सांगावे.

एक गोष्ट मात्र येथे प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. या पोटकलमात धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान ही कारणे आहेत. अपंगत्व हा शब्द तेथे नाही. ती उणीव भरून काढण्याचे काम कायद्यावर आले. १९९५ च्या कायद्याचा रोख मुख्यतः सरकारी यंत्रणेवर होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने खासगी आस्थापनांनाही बांधून घेतले. सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, नियमांप्रमाणे सुलभता दोन वर्षांत आणावी, असे त्याचे कलम ४६ सांगते. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे मुदत २०१९ सालीच संपली. दंड? पहिल्या उल्लंघनाला जास्तीत जास्त १० हजार रुपये, त्यानंतरच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाख. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला १० हजारांची ती काय भीती? तिकडचे ६० लाख डॉलर आणि इकडचे हे आकडे शेजारी ठेवले की आपली संकेतस्थळे मुकी का, ते कळते.

न्यायालयाने मात्र अलीकडे दोनदा कान टोचले आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र नुसती शिफारस करतात, हे चालणार नाही. तसा नियम त्यांनी कायद्याबाहेरचा ठरवला आणि सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत ठरवण्यास सरकारला फर्मावले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल लागला. मोबाईलवरून खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याचे दाखवावे लागे. ॲसिडहल्ल्यात ज्यांच्या पापण्या जळून गेल्या त्यांनी ती उघडझाप कशी करावी? अंधाने चेहरा चौकटीत कसा आणावा? न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांनी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून वीस निर्देश दिले. उघडझापेला पर्याय द्या, ठरावीक काळाने सुलभतेची तपासणी करून घ्या, चाचणी घेताना अंध व्यक्तींना सोबत घ्या, कागदावर ओळख पटवण्याची जुनी सोय चालू ठेवा, असे ते निर्देश आहेत.

आपली अनेक मुले-मुली आज पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत आहेत. युरोपात २८ जून २०२५ पासून खासगी दुकानांच्या संकेतस्थळांनाही सुलभतेचा कायदा लागू झाला आहे, तेव्हा तिकडचे काम करणाऱ्यांना हे शिकावेच लागेल. मात्र आडवाटेने जाऊ नये. संकेतस्थळावर एक ठिगळ चिकटवा, कृत्रिम बुद्धिमत्ता बाकीचे सांभाळील, असे सांगणाऱ्या ‘ॲक्सेसिबी’ या कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये फसव्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले.

निवेदन खरे की खोटे, ते घरबसल्या तपासता येते. त्यात कोणते मानक पाळले, अजून काय बिघडलेले आहे, तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि तक्रार कोणाकडे करायची, एवढे लिहिले आहे का पाहा. मग मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या विभागात जाऊन टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि त्या दुकानातून एक वस्तू पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत नेऊन पाहा. पहिल्या स्पर्शाला बटणाचे नाव ऐकू येते. लागोपाठ दोनदा टिचकी मारली की ते दाबले जाते. टॉकबॅक बंद करतानाही दोनदाच टिचकी मारायची, हे आधीच घरातल्यांना सांगून ठेवा. नाहीतर मोबाईल बिघडला म्हणून धावाधाव होते.

वाट अडली तर कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर, कोणत्या बटणापाशी अडली ते लिहून आधी कंपनीला कळवा. उत्तर न आल्यास तोच अर्ज दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे किंवा पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे पाठवता येतो. पाठवताना अर्जाची एक प्रत आणि पोहोच आपल्यापाशी ठेवा.